काय मग

घरी वॉशिंग मशीन आहे. चांगलं चालतं.
तरी मंगळवारी चादरी पिशवीत कोंबून
मी फ्रीमन स्ट्रीटच्या लाँड्रीत जाऊन बसते,
तीन नंबरच्या मशीनसमोर, मांडीवर वही.
ग्रिम्सबीत फुकट ऐकायला मिळणारी
एवढी एकच उबदार जागा आहे.

नॉरीन येते. क्लिफर्ड आधीच आलेला असतो.
ती म्हणते, "नाउ देन."
तो म्हणतो, "नाउ देन."
झालं. मग दोघं काचेतून
फिरणारे कपडे बघत बसतात.

मी लिहिलं : "आता, तेव्हा."
कोण बोलतं असं? कुठल्या गावात?
दोन आठवडे ती ओळ वहीत उपाशी पडून होती.
मग मूर्तिजापूरहून भावाचा फोन,
त्याच्या नेहमीच्या पद्धतीने, ना हॅलो, ना नाव :
"काय मग!"
मी फोन कानाला तसाच धरून
जुनी ओळ खोडली.

पहिल्या खर्ड्यात क्लिफर्ड म्हणत होता,
"पत्नी वारल्यापासून मला थंडी अधिक जाणवते."
ह्यांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले,
"बातम्या देतोय तो तिला."
राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

लाँड्रीत तो असलं काही बोललाच नव्हता.
त्याच्या पिशवीतून उशीची खोळ निघाली, आणि नॉरीन :
"एकच खोळ?"
"एकच."
"थ्या कोपऱ्यातल्यात टाक. थो जाळत नाही."

हो, वऱ्हाडी. मी तिला माझी वऱ्हाडी दिली.
पुण्याहून संपादकबाईंनी विचारलं,
इंग्लंडची बाई "काहून" कशी म्हणेल?
मी विचारलं, "का बरं" तरी कशी म्हणेल?
तीस वर्षं तिने गोदीवर हॅडॉक कापले,
"का बरं"च्या हातांना माशाचा वास येत नाही.
त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.

पण खरी अडचण त्या "टाक"ची.
इंग्रजीत "यू" म्हणजे
दाराशी टांगलेला घरातला एकच रेनकोट,
जो बाहेर पडेल त्याला होतो.
मला मात्र ठरवायचं होतं, "टाक" की "टाका".
एका कान्याचा फरक,
आणि तो कुठल्या पानावर गळतो
ते त्या दोघांना माहीतच नाही.
महिनाभर तिथे मी मोकळी जागा सोडली.

मग एका मंगळवारी क्लिफर्ड भिजून आला,
आणि नॉरीनने, वर न बघता,
शेजारच्या खुर्चीवरचा आपला कोट उचलून
मांडीवर घेतला.
बोललं कुणीच नाही.
मी कोट लिहिला. त्याच्या खालच्या ओळीत "टाक" आपोआप बसलं.

चादरी घेऊन घरी आले. अजून कोमट होत्या.
"काय म्हणाले आज?" ह्यांनी विचारलं.
"काही नाही."
"मग लिहिलंस काय?"
लिहिलंस. एक्केचाळीस वर्षं हे मला "तू",
आणि मी ह्यांना "अहो".
एकदा वहीच्या शेवटच्या पानावर करून बघितलं होतं :
दिगंबर, जरा इकडे ये.
खोडलं. नायिका खोटी वाटत होती.

चादर घडी करायची म्हणजे दोन माणसं लागतात.
ती लांब जातात, मग हातात टोकं घेऊन जवळ येतात,
पुन्हा लांब.
ह्यांचं टोक सुटलं, मी म्हटलं, "धर..."

पुढचा काना मी उच्चारला की नाही
आता आठवत नाही.
त्याने, त्यांनी, धरलं.